शरणपूर रोड ते समुद्र

कॅनडा कॉर्नरला आजवर मला कॅनडा दिसला नाही.
तिथे झेरॉक्स आहे, साड्यांचं दुकान,
सिग्नलला ताटकळलेल्या रिक्षा.
तेव्हा इंग्लंड मी कुठून आणू, प्रिस्का?

तू लिहितेस: आई, लीड्सहून समुद्रापर्यंत
दोन तास गाडीत बसायचंय, गाणी तू निवड.
ऐकल्याबरोबर इंग्लंड वाटलं पाहिजे, एवढीच अट.

खालच्या मजल्यावरचा योना मदतीला आलाय.
त्याच्या मते इंग्लंड म्हणजे चार पोरं, तीन गिटारी
आणि कारखाना बंद पडल्याचा राग.
चांगलं आहे. मला सातपूर आठवलं,
संपाच्या वर्षी गेटपाशी बसलेले तुझे बाबा,
डब्यातली पोळी तशीच घरी परत आणणारे.
“काकू, सातपूर नाही, मँचेस्टर.”
बरं. ठेव यादीत.

मग व्हायोलिनं.
एकच सूर इतका वर जाऊन थांबला
की योनानं फोन हलवून पाहिला, अडकला की काय.
यात म्हणे कुरणं आहेत, मेंढ्या, धुकं.
मला गंगापूर धरण दिसलं, जानेवारीतलं,
आणि शाळेच्या सहलीत मुली मोजत उभी असलेली मी.
एक कमी. पुन्हा मोजलं, एक कमी.
ती एक भिंतीआड बसून पेरू खात होती.
तूच.
तेही ठेवलं.

बॅगपाइप काढले. ते स्कॉटलंडचे, योना म्हणाला,
शिवाय देवळालीच्या परेडला ऐकलेत तेवढे मला पुरेत.
राजवाड्याची बिगुलं काढली:
मिरवणूक काय बसून ऐकायची असते?

साडेनऊ वाजले. योनाची आई दोनदा हाक मारून गेली.
“हे शेवटचं, काकू,” म्हणत त्यानं लावलं.
मोठा ऑर्गन, दगडी छत,
छताखाली वीसेक मुलगे, आवाज न फुटलेले.
दुसऱ्या ओळीला माझी बोटं टेबलावर चालू लागली.
तिसरीला मी गात होते, मराठीत.
“अरे, हे तर आपलं!”
“काकू, हे तिकडचंच. आपल्याकडे आलंय.”

बेचाळीस वर्षं वाजवलं मी हे,
दर रविवारी, भात्याला ठिगळ लावलेल्या पेटीवर.
तुझ्या बाप्तिस्म्याला हेच.
बाबांना पोचवून आल्यावर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, हेच.
कधी मनातही आलं नाही की याला दुसरं गाव असेल,
तिथं कुणीतरी गारठलेल्या हातांनी,
मराठीचा म सुद्धा माहीत नसताना हे रचलं असेल.
मला वाटायचं, चिंचेसारखं
हे आपल्या आवारातच उगवलंय.

थोडा वेळ रागच आला. कुणाचा, ते कळेना.
मग योनाला म्हटलं, थांब, जाऊ नकोस.

चर्चमध्ये कीबोर्ड आला तेव्हा ती पेटी माझ्याकडे आली,
पलंगाखाली असते.
धूळ पुसली, योनानं फोन धरला.
तेच शेवटी टाकलंय, त्या मुलांचं नाही.
त्यांचं फार स्वच्छ आहे गं,
कपडे वाळत घातलेत आणि एकही चिमटा नाही, असं.

माझ्यात कुकरची एक शिट्टी आहे,
शरणपूर रोडचे हॉर्न,
दुसऱ्या कडव्याआधी योनाचं “सॉरी”.
आणि मधल्या सप्तकातला पंचम अजून मुकाच आहे,
दाबला की नुसती हवा येते.

लहानपणी माझ्या शेजारी स्टुलावर बसून
तेवढा सूर तू तोंडानं भरायचीस,
लोक मान वळवून बघायचे.
समुद्र दिसायच्या आत ती जागा येईल.
काच वर घे. अजून लागतो का बघ.